तुझ्या वाटेवरची स्टेशनं

राजारामपुरी, कोल्हापूर
२ नोव्हेंबर २०२५

पूज्य माताजी,
वंदामि.

एवढं लिहायला अर्धी सकाळ गेली. जिला जन्मभर "अगं ए" म्हणून हाक मारली तिला वंदामि लिहायचं म्हणजे हात अडतो की! आपलं धर्मध्यान कुशल चालू असेल, असं पुढं लिहायचं असतं म्हणे. ते चालू असणारच. तुझे गुडघे कसे आहेत ते मला कळायला पाहिजे.

मला आपण-बिपण जमायचं नाही, सरळ तूच म्हणतो. दीपादीदी, तुम्ही संघातल्या ब्रह्मचारिणी, आलेली पत्रं माताजींना तुम्हीच वाचून दाखवता हे मला ठाऊक आहे. मी नेमगोंडा पाटील, राजारामपुरीतला पाण्याच्या पंपांचा दुकानदार, माताजींचा दीक्षेआधीचा नवरा. पत्रात कुठं जीभ घसरली तर तेवढं गाळून वाचा.

चातुर्मास संपला, संघ रामटेकहून सम्मेद शिखरजीला पायी निघणार, असं दीदींनी परवा फोनवर सांगितलं. वाट विचारली तर म्हणाल्या, दरेकसा, डोंगरगड, बिलासपूर, पेंड्रा रोडच्या जंगलातून अमरकंटक आणि मग पुढं. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. अगं, ही तर आपली स्टेशनं!

आठवतं का तुला? पंपाच्या कंपनीची बैठक कधी नागपूरला, कधी बिलासपूरला असायची आणि मी तुला बरोबर घेऊन जायचो. तू खिडकीला. जंगलात कुठं सिग्नलला गाडी थांबली की तुझं सुरू, "अहो, इथं उतरूया." मी म्हणायचो, दुकान पोराच्या, वृषभच्या हातात देऊ, मग शिखरजीला जाऊ ते असंच उतरत उतरत. धाडधाड गाडी पळवायची नाही. तुझं दिवस मावळायच्या आधी जेवण, पाणी गाळून, हॉटेलचं काही चालायचं नाही. म्हणून थांबा कसा पाहिजे, तर गाडी दुपारच्या आत पोचली पाहिजे, जवळ विहीर नाहीतर वाहता ओढा पाहिजे आणि चूल मांडायला झाडाची सावली. रविवारी दुपारी नकाशा पसरून आपण थांबे ठरवायचो. पाटणादेवी तुझी, दरेकसा माझं, डोंगरगडचं तळं दोघांचं, पेंड्रा रोडचं सालाच्या झाडांचं जंगल परत तुझं.

दुकान वृषभच्या हातात गेलं आणि त्याच वर्षी तू दीक्षा घेऊन साध्वी झालीस.

भांडून गेली असतीस तर बरं झालं असतं. भांडून गेलेलं माणूस परत यायची आशा तरी असते. तू हसत गेलीस. जाताना माझ्याकडं क्षमा मागून गेलीस. कशाची क्षमा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझं मागणं ऐक. तू चालत निघालीस, मी रेल्वेनं निघतो. ठरवलेल्या थांब्यांवर उतरतो. जिथं तुझा मुक्काम असेल तिथं सोवळ्याचं धोतर नेसून, हातात कलश घेऊन दारात उभा राहतो. तू दिवसातून एकदाच ओंजळीत जेवतेस. सकाळी मनाशी एक अट धरून निघतेस आणि ज्या दारात ती जुळेल तिथंच थांबतेस, आणि ती अट कुणाला सांगायची नसते. हे सगळं मी विचारून घेतलंय. एखाद्या दिवशी माझ्या दारात जुळू दे. एकदा माझ्या हातचं जेव. एवढंच. घरी चल म्हणणार नाही, शपथ.

नेमगोंडा


राजारामपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर

माताजी, वंदामि.

जेवणाच्या टेबलावर नकाशे, टाइमटेबल, पेन्सिली, चष्मा. बायडाबाई पोळ्या करायला येते ती रोज ओरडते, "मालक, ताट ठेवाय तरी जागा ठेवा की! न्हायतर नकाशावर आमटी वाढू?" ती शिवाजी पेठेतली, आवाज तुला माहीत आहेच. पण परवा पोळ्या झाल्यावर गेली नाही, दारात उभी राहिली. म्हणाली, "अक्का भेटल्या तर माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही लई दुबळं झालायसा, ते काय सांगू नका." तर सांगत नाही.

वृषभ म्हणतो, "अप्पा, विमानानं रायपूरला उतरा, गाडी करून देतो, एका दिवसात भेटून परत या." मी म्हटलं, अरे, जिला भेटायचं ती अनवाणी चालत येणार आणि मी उडत जाऊ? तो येणार नाही बरोबर. तुझ्यावर राग नाही त्याचा, माझ्यावर आहे. दीक्षेच्या मांडवात सगळ्या समाजासमोर तू परवानगी मागितलीस आणि मी मान हलवली. "तुम्ही नाही म्हणायचं होतं," एवढं एकच वाक्य तो अधूनमधून टाकतो आणि दुकानात निघून जातो. कसं नाही म्हणणार? तू काय आनंदात होतीस त्या दिवशी! लग्नातसुद्धा तुझं तोंड तसं फुललं नव्हतं. मी बघितलं की तुझ्याकडं.

तर बेत असा. महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघायचं. लांबच्या तिकिटावर मध्ये उतरायची मुभा असते, पण ती थोडी आणि तीही दोनच दिवसांची, म्हणून मी प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, सरळ गोंदियापर्यंत काढा, स्वस्त पडेल." त्याला काय सांगायचं! पहिला थांबा चाळीसगाव, म्हणजे पाटणादेवी. संघ त्या बाजूला येणारच नाही, हे मला कळतं. पण ती तुझी जागा होती. ती सोडून पुढं जाणं बरं वाटेना.

स्वयंपाकाचं मी एकटा काय करणार होतो? पण संघाबरोबर शिरोळकडच्या क्रांतीअक्का आणि त्यांचे मालक चौका लावत चालले आहेत, म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक त्यांच्याकडं. त्यांना फोन केला. म्हणाल्या, "या की अण्णा. धोतर तेवढं चांगलं धुतलेलं आणा."

तीन धोतरं धुऊन ठेवली आहेत.

नेमगोंडा


चाळीसगाव
२६ नोव्हेंबर

माताजी, वंदामि.

उतरलो एकदाचा. सकाळी स्टेशनवर माणूस कमी होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाबा, एकटेच?" मी म्हटलं, "मंडळी पुढं गेलीय." खोटं काय त्यात?

तू खिडकीतून जे डोंगर दाखवायचीस ते जवळून अगदी वेगळे दिसतात. आत शिरलं की सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरचुर वाजतात, तेवढाच आवाज. ओढ्याला पाणी आहे अजून, खडकाच्या कडेकडेनं बारीक धार. पाण्याशी फुलपाखरं बसली होती, पिवळी, मुठीएवढी गर्दी करून. तू असतीस तर मला तिथून हलू दिलं नसतंस.

मी एका दगडावर बसलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "इथं उतरूया म्हणत होतीस ना? उतरलोय बघ." एक गुराखी जवळच होता, मला दिसला नव्हता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं, आणि म्हशी घेऊन लांब गेला. आयला... चुकलो, दीदी, हे गाळा.

बायडाबाईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. पुडकं सोडलं तोवर वानर आलं आणि दशम्या घेऊन झाडावर. वरून माझ्याकडं बघत खात बसलं. मला हसू आलं, खूप हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की हे सांगायला जवळ कुणी नाही. घरात एकटं वाटतं त्याची सवय झालीय, भिंती ओळखीच्या असतात. पण आपण दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी एकट्यानं बसणं फार वाईट. नकाशावर खूण करताना हे कळत नाही.

दिवस मावळायच्या आत स्टेशनवर परत आलो. उद्या पुढची गाडी.

नेमगोंडा


दरेकसा
५ डिसेंबर

माताजी, वंदामि.

माझ्यामुळं काल तुला उपास घडला. पाण्याचा घोटसुद्धा गेला नाही. आज पहाटे तशीच तू घाट चढून गेलीस. मी शाळेच्या मागं उभा होतो, पुढं यायचं तोंड नव्हतं.

काल सकाळी सगळं किती नीट चाललं होतं! विहीर मी स्वतः बघून घेतली होती, पाणी गोड. शाळेच्या आवारात तीन चौके, तिन्हींच्या दारात माणसं कलश घेऊन उभी. मी क्रांतीअक्कांच्या दारात. तुम्ही सगळ्या माताजी ओळीनं आलात, नजर जमिनीवर, हात खांद्याला. मी हाक दिली, "हे माताजी, वंदामि, वंदामि, अत्र तिष्ठ, तिष्ठ!" क्रांतीअक्कांनी कोपरानं ढोसलं. "अण्णा, हळू. बाजारात पंप इकाय न्हाय उभारलासा."

पहिल्या दारापुढनं तू गेलीस. दुसऱ्या दारापुढनं गेलीस. आणि माझ्यासमोर थांबलीस.

तुझी अट काय होती ते मला माहीत नाही. कलश होता की नारळ होता की म्हातारा माणूस होता, काय की. मी तर मनात नाचलो. तीन प्रदक्षिणा घातल्या, आत घेऊन गेलो. पाय क्रांतीअक्कांनी धुतले, पुरुषानं हात लावायचा नसतो. तू पाटावर बसलीस. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, सगळं न चुकता म्हटलं. तू ओंजळ पुढं केलीस.

मी पाण्याची धार सोडली आणि मला तुझी मनगटं दिसली. केवढीशी झालीत गं! कासार बांगड्या भरायला यायचा तेव्हा तुला मोठ्या मापाच्या लागायच्या, आणि तू चिडायचीस. त्या मनगटांवर थंडीनं पांढऱ्या भेगा. मला राहवलं नाही. मी रडलो. आणि माझं रडणंही माझ्या बोलण्यासारखंच, चार गल्ल्यांना ऐकू जाणारं.

तू ओंजळ सोडलीस. पाणी खाली पडलं. माझ्याकडं बघितलं नाहीस, उठलीस आणि गेलीस. मला वाटलं रागावलीस. मग क्रांतीअक्कांनी सांगितलं की जेवताना रडणं कानावर पडलं की अंतराय होतो. त्या दिवसाचं खाणंपिणं तिथंच संपतं, ते थेट दुसऱ्या दिवशी.

मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. अट काय, कलश कसा धरायचा, नारळ कसला, सगळं विचारलं. रडलं तर काय होतं हे विचारायचं मला सुचलंच नाही. क्रांतीअक्का भांडी आवरताना म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या मायेनं माताजींना उपास घडला की!" बाईनं खरं तेच सांगितलं. जन्मभर पाण्याचे पंप विकले आणि तुला घोटभर पाणी पाजता आलं नाही.

इथं गाडी बोगद्यातून बाहेर येते ती एकदम झाडीत. म्हणून ही जागा माझी होती. काल दिवसभर फलाटाच्या बाकावर बसून होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या. तुला तहान लागली असेल, एवढं एकच मनात. मीही पाणी प्यालो नाही, पण त्याचा तुला काय उपयोग?

नेमगोंडा


डोंगरगड
१४ डिसेंबर

माताजी, वंदामि.

दीदी म्हणाल्या, पत्र ऐकून माताजी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्या. बरोबर आहे. बोलणार तरी काय?

मी तळ्याकाठी धर्मशाळेत आहे. संघ इथून दोन दिवसांपूर्वीच पुढं गेला, मी मुद्दाम मागं राहिलो. परतीचं तिकीट काढलंय. वृषभचा फोन आला होता. त्याला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "अप्पा, या आता घरी." इतक्या मऊ आवाजात की मलाच कसंतरी झालं.

तळं छान आहे. सकाळी धुकं असतं, मग हळूहळू डोंगर दिसायला लागतो. इथं आपण दोघं चार दिवस राहणार होतो. मला एक दिवस काढणं जड जातंय. धर्मशाळेतला माणूस विचारतो, किती दिवस? मी म्हणतो, बघू. जेवायला बसलं की घास फिरतो. तू आज कुणाच्या दारात थांबली असशील, पोटभर मिळालं असेल का, कुणी माझ्यासारखं येडं मध्ये कडमडलं तर नाही ना.

हे तुला सांगायलाच पाहिजे, मला तुझा राग येतो. दोन वर्षं येतोय. तू पहिल्यांदा हिरवी भाजी सोडलीस, मग तूप, मग एक वेळचं जेवण, आणि मी दुकानातून येऊन टीव्ही लावत होतो. हळूहळू तू घरातनं निघूनच चालली होतीस आणि मला वाटत होतं, बाई देवधर्म करतीय. सांगायचंस तरी एकदा नीट बसवून! मी अडवलं असतं, हे तुला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीस. झालं, लिहून टाकलं. आता जरा हलकं वाटतंय.

काल क्रांतीअक्कांचा फोन आला. "अण्णा, कुठं हाईसा?" म्हटलं, घरी चाललो. तर बाई फोनवरच तडकली. "एक डाव चुकला म्हणून पळून चाललासा? माणसं कमी पडाय लागल्यात हितं. पुढच्या मुक्कामाला विहीर कोण बघणार?" मी म्हटलं, मी दारात उभा राहणार नाही आता. मला रडू आवरत नाही. तर म्हणाल्या, "दारात ऱ्हावा म्हणतंय कोण? मागं पडद्याआड बसा, पाणी गाळा, पीठ मळा. माताजी काय वाढणाऱ्याचं तोंड बघत न्हाईत. मग तुम्हाला दाखवायची एवढी हौस कशाला?"

फोन ठेवल्यावर माझं पहिलं पत्र आठवलं. माझ्या हातचं जेव, असं मी तुला लिहिलं होतं. त्यात जेवण किती आणि माझा हात किती, हा विचार केलाच नव्हता.

तिकीट रद्द करून आलोय. उद्या बिलासपूरची गाडी.

नेमगोंडा


पेंड्रा रोडच्या पुढं, जंगलातली शाळा
११ जानेवारी २०२६

रत्ना,

आज वंदामि लिहीत नाही, तुझं जुनं नाव लिहितो.

बिलासपूरपासनं माझं काम ठरून गेलंय. संघ चालतो, मी रेल्वेनं पुढं जातो. लहान लहान स्टेशनांवर उतरतो, गावात जातो, विहीर बघतो. पाणी पंपवाल्याला बरोबर कळतं. सावली बघतो, शाळेच्या गुरुजींना भेटतो, खोल्या मागतो. मग क्रांतीअक्कांना फोन करतो, या. आपल्या रविवारच्या अटीच वापरतो, दुसऱ्या मला येतात कुठं? रात्री खोलीत एकटाच असतो. बोलायला कुणी नसतं, म्हणून उद्याचं पाणी बडबडत गाळतो.

हे साल जंगल तू खिडकीतून बघितलंस त्याच्यापेक्षा मोठं आहे. झाडं सरळ वर गेलेली, खाली उजेड कमी. पहाटे गवत पांढरं होतं, पाय ठेवला की मोडतं. त्याच गवतातून तू काल अनवाणी आलीस. मी खिडकीच्या फटीतून बघितलं आणि लगेच आत गेलो.

आज सकाळी मी चौक्यात पडद्याआड होतो. क्रांतीअक्का आणि त्यांचे मालक जोडीनं दारात. आमचंच दार असं काही नव्हतं, आणखी एक चौका होता. तुझी पावलं आली आणि थांबली. मग प्रदक्षिणेचा आवाज, पाटाचा आवाज. मी गाळलेल्या पाण्याचा तांब्या पडद्याखालून पुढं सरकवला.

पडद्याच्या खालून तुझे पाय दिसत होते. टाचा पार फुटल्यात. एका टाचेतून रक्त येऊन वाळलं होतं. माझ्या छातीतनं तो आवाज वर यायला लागला, तोच दरेकसाचा. मी खांद्यावरचा पंचा ओढला आणि तोंडात कोंबला. जेवढा जाईल तेवढा. श्वास घ्यायला जागा राहिली नाही, डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज बाहेर पडू दिला नाही. एका हातानं पंचा धरला आणि दुसऱ्या हातानं मूग पुढं केला, भाकरी पुढं केली, दूध पुढं केलं. क्रांतीअक्का माझ्याकडं बघत होत्या आणि वाढत होत्या.

तू सगळं घेतलंस. भाकरी परत घेतलीस. पाणी घोट घोट घेताना मला ऐकू येत होतं. मग हात धुतलेस आणि सावकाश उठलीस.

तू गेल्यावर पंचा काढला तर तोंडाची आग आग. क्रांतीअक्कांनी गरम पाणी दिलं. म्हणाल्या, "अण्णा, आज माताजी पोटभर जेवल्या." आणि मग त्याच रडल्या.

दीपादीदी, डोंगरगडच्या पत्रातलं पडद्याचं तुम्ही गाळलंत म्हणालात, आता हे पत्र माताजींना वाचूनच दाखवू नका. पडद्याआड कोण असतं हे त्यांना कळलं तर मायेचं दार म्हणून त्या हे दार टाळतील. पुढच्या गावची विहीर मी बघून आलोय. पाणी गोड आहे.

नेमगोंडा